गोव्यातल्या घरचा स्विमिंग पूल नव्याने करायचाय? खर्चाचा हिशोब असा मांडा

गोव्यात घर घेतलं, मागे छोटा पूल होता, सुरुवातीची वर्षं मजेत गेली आणि आता टाइल्स सुटायला लागल्यात, ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा मसाला, काळं पडलंय, पायऱ्यांवर पाय ठेवला की काहीतरी टोचतं. मग पूलवाल्याला फोन जातो आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "स्क्वेअर फुटाला किती?" तोही एक आकडा सांगून मोकळा होतो. घोळ इथूनच सुरू होतो. मी म्हापशात राहतो, पुण्या-मुंबईच्या ओळखीतल्या लोकांची आसगाव, शिवोली, हळदोणे भागातली घरं बघतो, त्यामुळे अशी कोटेशनं सारखी समोर येतात आणि प्रत्येक वेळी मालकाला तेच सांगावं लागतं, की बाबा टाइलचा दर हा यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा आकडा आहे. टाइलच्या खाली काय करणार, कुठल्या महिन्यात करणार आणि नंतर कुठलं पाणी भरणार, यावर तुमचे पैसे टिकणार की बुडणार ते ठरतं. खालचं तसंच ठेवून वर नवीन निळ्या टाइल्स चिकटवल्या तर वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरं काही नाही.

आधी बघा, रोग नेमका काय आहे

पाणी कमी होतंय अशी शंका असेल तर कोणाला बोलवायच्या आधी बादलीची टेस्ट करा, फुकट आहे. पूलच्या वरच्या पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवायची, बादलीच्या आतलं आणि बाहेर पूलचं पाणी एकाच लेव्हलला आणायचं, दोन्हीकडे मार्करने खूण करायची, पंप बंद ठेवायचा आणि २४ तास कोणी पाण्यात उतरायचं नाही. उन्हाने उडणारं पाणी दोन्हीकडचं साधारण सारखंच कमी होतं. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहे. मग पंप चालू ठेवून अजून एक दिवस हीच टेस्ट करा, चालू असताना जास्त उतरत असेल तर दोष बहुतेक पाइपमध्ये आहे आणि टाइल्स बदलून काडीचाही फरक पडणार नाही. पाइपची प्रेशर टेस्ट वेगळी करून घ्यायची, आणि ती टाइल्स फोडायच्या आधी, नंतर नाही. ही बादलीची टेस्ट पाऊस नसताना करा हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, वाजवून बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाण्याच्या रेषेच्या वरच्या टाइल्स एकेक करत वाजवत जायचं. चिकटलेली टाइल टणक वाजते, सुटलेली पोकळ वाजते, कान पाच मिनिटांत तयार होतो. जिथे पोकळ वाजतं तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढून ठेवा. एका कोपऱ्यातच असेल तर तेवढाच भाग काढून पुन्हा लावता येतो आणि अख्खा पूल फोडायची गरज नसते. भिंतभर पोकळ वाजत असेल तर मात्र मन घट्ट करा.

तिसरं, डाग. टाइल्स तपकिरी झाल्या म्हणजे खराब झाल्या असं नाही. आपल्याकडच्या लाल मातीत, जांभ्यात लोह भरपूर, बोअरचं पाणी भरलं आणि क्लोरीन टाकलं की ते लोह बाहेर पडून चहासारखा रंग येतो आणि टाइल्सवर, ग्राउटवर बसतो. डाग साफ करायचं काम आणि पूल नव्याने करायचं काम यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माप तुम्ही स्वतः घ्या

हे कोणी करत नाही आणि पस्तावतात. उदाहरण घेऊ, गोव्यातल्या व्हिलांना असतो तसा ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.४ मीटर खोल, म्हणजे सरासरी १.२. तळ झाला ३२ चौरस मीटर. चारी भिंतींची लांबी मिळून २४ मीटर, गुणिले १.२, म्हणजे २८.८. एकूण ६०.८. यात पायऱ्या, बसायचा कट्टा, कडा यांचे साधारण दहा टक्के मिळवा, ६७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७२० स्क्वेअर फूट.

आता गंमत बघा. वरून बघितलं तर तोच पूल ३४४ स्क्वेअर फूटच दिसतो. कोणी फोनवर "साडेचारशे रुपये फूट" म्हणाला की तुम्ही मनातल्या मनात ३४४ ने गुणता आणि दीड लाख धरून बसता, बिल येतं ७२० फुटांवर, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास. तो खोटं बोलला नाही, तुम्ही विचारलं नाहीत. म्हणून कोटेशनवर लिहून घ्या की माप आतल्या पृष्ठभागाचं आहे, किती फूट आहे, आणि पायऱ्या, ओव्हरफ्लोची नाली (काठावरून सांडणारं पाणी घेणारी), बॅलन्स टँक (ते पाणी जिथे साठतं ती टाकी) यात धरलेत का.

पाणी किती हेही याच मापातून निघतं. ३२ गुणिले १.२ म्हणजे ३८.४ घनमीटर, म्हणजे ३८,४०० लिटर. दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

केव्हा करायचं, म्हणजे मुख्य म्हणजे केव्हा नाही

घर भाड्याने देणारे बहुतेक सगळे एकच विचार करतात, डिसेंबर ते मे गिऱ्हाईक, पावसाळ्यात घर रिकामं, तर पूलचं काम पावसाळ्यात उरकून घेऊ. कृपा करून हे करू नका. गोव्यात चार महिन्यांत १०० इंचांच्या वर पाऊस पडतो, जमिनीतलं पाणी वर येतं, आणि रिकामा पूल हा जमिनीत पुरलेल्या रिकाम्या होडीसारखा असतो. भरलेला असताना आपल्या उदाहरणातल्या पूलमध्ये ३८ टन वजन पाण्याचंच असतं, ते तुम्ही काढून टाकलं की खालून दाब देणारं पाणी अख्खा पूल उचलू शकतं, नाहीतर तळाला भेगा पाडतं. मग टाइल्स बाजूला राहिल्या, पूलच नवीन बांधायची वेळ. तळाला प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह असतो काही पूलना, पण तो जाम झालेला असतो की नाही हे रिकामं केल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

सोपी तपासणी सांगतो. जुन्या गोव्याच्या घरात विहीर असतेच, तुमच्याकडे नसेल तर शेजारी असेल. दोरीला दगड बांधून विहिरीतलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा. तो आकडा पूलच्या तळापेक्षा निदान दोन-तीन फूट खाली असेल तर ठीक, पाणी तळाच्या बरोबरीला किंवा वर असेल तर पूल रिकामा करायचा नाही, विषय संपला. शेतांना किंवा खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीला, लागून घर असेल तर हे उन्हाळ्यातही मोजा.

विहिरींचं पाणी सगळ्यात खाली असतं एप्रिल-मेमध्ये, पण मेच्या शेवटी वळवाचे शिंतोडे यायला लागतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस. म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला सुरू करून एप्रिलच्या शेवटी पाणी भरलेलं असावं, असा माझा सरळ हिशोब. मेच्या सुट्टीतलं भाडंही वाचतं. गणेश चवथीनंतर सुरू करू म्हणणारे असतात, पण तेव्हा जमीन अजून पाण्याने फुगलेली असते, आणि दिवाळीला कामगार गावी गेले की परत कधी येतील ते देवालाही माहीत नसतं.

काय लावायचं

ग्लास मोझॅक, म्हणजे काचेच्या छोट्या चौकोनी टाइल्स, जाळीवर किंवा कागदावर चिकटवलेल्या शीटमध्ये येतात. पाणी शोषत नाहीत, रंग जात नाही, वळणांवर आणि गोल कोपऱ्यांवर नीट बसतात. गोव्यात भाड्याच्या घराला मी डोळे मिटून हेच सांगतो. सिरॅमिक त्याहून स्वस्त पडतं, पण पूलसाठी बनवलेलंच घ्या, बाथरूमचं उरलेलं नको, आणि पायऱ्यांवर घसरणार नाही असंच.

एपॉक्सी पेंट, म्हणजे दोन भाग कालवून मारायचा रेझिनचा कडक रंग, सगळ्यात स्वस्त दिसतो. पण आधीच टाइल्स असलेल्या पूलवर तो मारून चालत नाही, टाइल्स काढून प्लास्टर करावं लागतं, म्हणजे स्वस्ताई तिथेच संपली. सिमेंटचाच पूल असेल तर विचार करा, पण पृष्ठभाग ठणठणीत कोरडा लागतो आणि आपली हवा कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. हिशोबासाठी धरा, सगळं मिळून ९० रुपये फूट, ७२० फुटांना ६४,८०० आणि वर १८ टक्के जीएसटी, साधारण ७६ हजार. तीन वर्षं टिकला तर वर्षाला पंचवीस हजार. खाली मोझॅकचा हिशोब येतोय, त्यातला जीएसटीसकटचा ३,६९,५७६ हा आकडा पंधरा वर्षांत वाटून बघा, वर्षाचा आकडा जवळपास तोच येतो, आणि पेंटवाल्याला दर तीन वर्षांनी पूल रिकामा करायचा, टँकर मागवायचे, बुकिंग बंद ठेवायचं हा ताप वेगळा.

फायबरची लायनिंग आणि पीव्हीसी लायनर, म्हणजे आतून बसवायची प्लास्टिकची शीट, हेही असतात. शेलमध्ये, म्हणजे पूलच्या मूळ सांगाड्यात, बारीक भेगा सारख्या येत असतील तर लायनरचा विचार करता येतो, बाकी मला तो दिसायला आवडत नाही, ज्याची त्याची आवड.

काम चालू झाल्यावर काय बघायचं

पूल रिकामा करायच्या आठवडाभर आधी क्लोरीन टाकणं बंद करा, उन्हाने ते उडून जातं, मग पाणी माडांना, बागेला घाला. शेजाऱ्याच्या शेतात किंवा विहिरीजवळ सोडलंत तर भांडण ठरलेलं. फोडलेल्या टाइल्सचा मलबा कोण नेणार आणि कुठे टाकणार हे कोटेशनमध्ये असू द्या, नाहीतर रात्री तो जवळच्या शेतात टाकला जातो आणि पंचायतीतून फोन तुम्हाला येतो.

फोडून झाल्यावर एक दिवस काम थांबवा आणि स्वतः या. मुंबईत असाल तर गाडी काढा, हाच तो दिवस. टाइल्स निघाल्या की खालचं खरं रूप दिसतं, भेगा, भुसभुशीत प्लास्टर, गंजलेली सळी, लाइटच्या आणि इनलेटच्या (पूलमध्ये पाणी परत येतं ती तोंडं) भोवतीच्या फटी. खर्च वाढतो तो इथेच, आणि कोटेशन देताना हे कोणालाच दिसलेलं नसतं, म्हणून "दुरुस्ती प्रत्यक्ष मापावर" असं लिहिलेलं असतं. त्या दिवशी तिथेच उभं राहून भेगांची लांबी आणि खराब प्लास्टरचे फूट मोजून दोघांनी सही करायची. भेग नुसती वरून लिंपायची नाही, ती व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरने, म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या गाऱ्याने, भरायची. गंजलेली सळी साफ करून तिला गंजरोधक लावल्याशिवाय झाकायची नाही. आणि पूल रिकामा आहे तोवर तळाच्या ड्रेनची जाळी, इनलेट, लाइट बदलून घ्या, नंतर तेवढ्यासाठी पूल रिकामा करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. लाइट १२ व्होल्टचेच.

मग वॉटरप्रूफिंग, सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. ते सुकल्यावर पाणी भरून निदान दोन-तीन दिवस ठेवायचं आणि खूण करून बघायचं. ही टेस्ट टाळायला ठेकेदार फार उत्सुक असतात कारण वेळ जातो, आणि मालकही हो म्हणतात कारण चार टँकरचे पैसे जातात. टाळू नका. हे पाणी परत काढावं लागतं, म्हणून वर म्हटलं की टँकरचा हिशोब दोनदा.

टाइल चिकटवायला सिमेंटचा गारा नाही, ॲडहेसिव्ह. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक छापलेलं असावं, स्विमिंग पूल आणि ग्लास मोझॅकसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असावं, आणि रंग पांढरा, कारण काच पारदर्शक असली की खालचं करडं वर दिसतं आणि निळ्याचा मळका निळा होतो. पिशवीची तारीख बघा, आपल्या दमट हवेत उघडी किंवा जुनी पिशवी गठ्ठा होते. टाइल्सचे सगळे बॉक्स एकाच शेड नंबरचे, म्हणजे एकाच रंगछटेचे, आहेत का ते माल उतरवतानाच बघा.

ग्राउट एपॉक्सीचंच. सिमेंटचं ग्राउट स्वस्त आहे, पण आपलं पाणी मऊ आणि थोडं आम्लधर्मी, ते सिमेंट हळूहळू खाऊन टाकतं. एपॉक्सी मात्र कसबी माणसाचं काम आहे. दुपारच्या उन्हात ते डब्यातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून सकाळी लवकर, वर हिरवं कापड बांधून, थोडं थोडं कालवायचं. एकजण भरत पुढे जातो आणि दुसरा लगेच मागून ओल्या पॅडने तिरकं पुसत येतो, हा दुसरा माणूस नसेल तर टाइल्सवर दुधासारखा पापुद्रा बसतो आणि तो वाळल्यावर निघता निघत नाही. संध्याकाळी ऊन तिरकं झालं की पूलमध्ये उतरा, तेव्हा पापुद्रा चमकतो आणि बरोबर दिसतो. पायऱ्यांच्या कडेवरून तळहात फिरवा. जिथे हाताला टोचेल तिथे पोरांचे पाय कापणार, तेवढ्या टाइल्स तेव्हाच बदलायला सांगायच्या.

आता आकडे

खालचे दर मी फक्त उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या कोटेशनमधले टाकून हाच हिशोब करा. ७२० फूट. फोडणं आणि मलबा ३५ रुपये फूट म्हणजे २५,२००. दुरुस्ती आणि प्लास्टर ७० ने ५०,४००. वॉटरप्रूफिंग ६० ने ४३,२००. ग्लास मोझॅक १२० ने ८६,४००. ॲडहेसिव्ह आणि लावायची मजुरी ९० ने ६४,८००. एपॉक्सी ग्राउट ६० ने ४३,२००. बेरीज ३,१३,२००. १८ टक्के जीएसटी ५६,३७६, म्हणजे ३,६९,५७६. आठ टँकर, फिटिंग, सुरुवातीची केमिकल्स यांना ५०,००० धरा. आणि त्या "प्रत्यक्ष मापावर"वाल्या ओळीसाठी मूळ कामाच्या १५ टक्के, सुमारे ४७,०००, बाजूला ठेवा. झाले पावणेपाच लाखांच्या आसपास.

यात टाइल्स किती, तर मूळ कामाच्या पाव भागाहून थोड्या जास्त. म्हणून तीन कोटेशनं घ्या आणि तिन्ही अशी ओळीओळीने फोडून मागा. जो म्हणेल "सगळं मिळून एवढे, काळजी करू नका", त्याची काळजी करा. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा वॉटरप्रूफिंगची ओळच नसते, किंवा ग्राउट सिमेंटचं असतं, एकदा शोधून बघा, सापडतंच.

पाणी भरणं आणि पैसे देणं

ग्राउट झाल्यावर पिशवीवर आणि डब्यावर जेवढे दिवस सांगितलेत तेवढे पूल कोरडाच, गिऱ्हाईक येतंय म्हणून घाई नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर भरायच्या आधी एका पांढऱ्या बादलीत घेऊन त्यात थोडं क्लोरीन टाका आणि तासभर ठेवा. तपकिरी झालं तर लोह आहे, ते पाणी नव्या पूलमध्ये नको, किंवा आधी फिल्टर करून घ्या. भरल्यावर पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी त्याचं माप) ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८० ते १२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तेवढे भाग, कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम) २०० ते ४०० पीपीएम, क्लोरीन १ ते ३ पीपीएम. आपल्या पाण्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही बहुतेक कमी भरतात, पूलवाले फक्त क्लोरीन आणि पीएच बघतात, बाकीचे दोन मुद्दाम मोजायला लावा. अल्कलिनिटीला खायचा सोडा चालतो, कॅल्शियमला कॅल्शियम क्लोराइड, ते बादलीत विरघळवून घालायचं आणि विरघळताना बादली चांगली तापते, लहान मुलं लांब ठेवा.

पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीला माल आणण्यापुरते, मग फोडणं-दुरुस्ती झाल्यावर, मग वॉटरप्रूफिंगची पाण्याची टेस्ट पास झाल्यावर, मग ग्राउट झाल्यावर. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा गेल्यावर, हे आधीच कागदावर असू दे, नंतर कोणी ऐकत नाही. वॉरंटी किती वर्षांची आणि कशाची, गळतीची की टाइल सुटण्याची की दोन्हीची, तेही त्याच कागदावर. आणि उरलेल्या टाइल्सचा निदान एक बॉक्स शेड नंबरसकट पंपरूममध्ये ठेवून घ्या, मेस्त्री तो गाडीत टाकून न्यायच्या आत.